मुसफ्फा ते फुजैरा, कमरेला ड्रिल

शनिवारी सकाळी साडेआठला मी आणि बाबा अबूधाबीतल्या घरून निघालो. बाबा रिटायर्ड फौजदार, महिनाभरासाठी माझ्याकडे आलेले. संध्याकाळी सहाला फुजैराच्या मराठी मंडळींसमोर आमची काउबॉयपटाच्या धर्तीवरची एकांकिका होती आणि शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, मी होते. स्टेजवर आयुष्यात पहिल्यांदा. शेवटी कमरेवरून पिस्तूल उपसायचं, की पडदा. इथल्या कडक कायद्यात खोटं पिस्तूलही गाडीत ठेवून फिरायची माझी तयारी नव्हती.

पहिला थांबा मुसफ्फा, अबूधाबीची औद्योगिक वसाहत. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या उस्तादांनी पट्टा तयार ठेवला होता. पिस्तूल अडकवायचं होल्स्टर बाकी.

"बेटी, पिस्तौल दो. गीला चमडा उसी पे बिठाते हैं."

"पिस्तौल नहीं है."

"तो खोल किसका बनाऊँ?"

डिकीत माझं कॉर्डलेस ड्रिल होतं. मूठ, ट्रिगर, नळी: भूमिती जवळपास तीच. स्टेजवरही तेच उपसायचं ठरलं. प्लास्टिक गुंडाळून त्यावर ओलं चामडं दाबलं. "यल्ला, चलो, मिस्त्री शेरीफ!" उस्ताद म्हणाले. उन्हात तीन तासांत वाळलं. एकशे वीस दिरहम.

"म्हणजे तीन हजार रुपये!" बाबा म्हणाले. "आम्हाला सरकार फुकट द्यायचं."

दुबईच्या बाहेरून बायपास घ्या, टोल लागत नाही. पुढे डोंगर सुरू झाले की टपरीवर करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घ्याच, दोन दिरहम. तिथे मी ड्रिल उपसून पाहिलं. ड्रिलबरोबर अख्खं होल्स्टर काखेपर्यंत वर आलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. प्रयोगाला तीन तास उरले होते.

बाबांनी चहा खाली ठेवला, वाकून उजव्या बुटाची नाडी काढली आणि होल्स्टरचं टोक माझ्या मांडीला बांधलं. "खालून धरलेलं नसलं की वर येतंच. आता ओढ."

ड्रिल सुळकन बाहेर. शेजारचा ट्रक ड्रायव्हर ओरडला, "खलास, हबीबी!" मी अकरा वेळा उपसलं. गरज दोनदाच होती.

सहा चाळीसला स्टेजवर खलनायकापुढे मी ड्रिल उपसलं आणि ट्रिगर दाबला. घुर्रर्र! तो ठरल्यापेक्षा आधीच शरण आला. हॉलमधल्या हसण्याने माझं शेवटचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. पहिल्या रांगेत एक सैल बूट आपटत बाबा शिट्टी वाजवत होते. त्यांना शिट्टी येते, हे मला माहीत नव्हतं.

घरी परतताना ते म्हणाले, "रिटायर झालो त्या दिवशी पट्टा जमा करावा लागला. कंबर बरेच दिवस हलकी वाटायची."

गेल्या आठवड्यात ते पुण्याला परतले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या पडद्यांचे चारही रॉड बसवले, पट्टा बांधून, प्रत्येक भोकासाठी ड्रिल नव्याने उपसत. आता ड्रिल माझ्या कपाटात आहे. पट्टा त्यांच्या बॅगेत गेला, मी जमा करून घेतला नाही. त्यांची नाडीही मी परत दिली.