उतरायला हरकत नाही

आमच्या साडूंनी आधी तपासून पाहिल्याशिवाय रत्नागिरी तालुक्यात कुठलीही गोष्ट सुखाने घडू शकत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार पावस. ताईला जाऊन तीन वर्षं झाली, आता एकटेच असतात. जन्म तेलाच्या जहाजांवर गेला. या जहाजांवर रिकाम्या टाक्या धुवायला माणसं आत उतरवतात, पण त्याआधी आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही हे कुणालातरी तपासावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आमचे साडू. तपासून झालं की टाकीच्या तोंडाशी पाटी लावायची : उतरायला हरकत नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ती पाटी काही त्यांच्या हातून सुटलेली नाही. आपण आधी डोकावल्याशिवाय या जगात कुणी उतरू नये, असं त्यांचं अजूनही ठाम मत आहे.

माझीही तपासणी झालेली आहे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ते सुट्टीवर आले होते. 'मुलाला जरा फिरवून आणतो' म्हणून भर एप्रिलच्या दुपारी मला सड्यावर घेऊन गेले. तापलेल्या कातळावरून दीड तास चालवलं. एकही प्रश्न विचारला नाही, नुसते माझ्या धापेकडे कान लावून होते. घरी आल्यावर मी पाणी मागायच्या आत सासऱ्यांना सांगून मोकळे झाले, "फुफ्फुसं बरी हायत. उतरायला हरकत नाय." मी पुढे दोन दिवस ऊन लागून पडलो होतो, ते कुणी हिशेबात धरलंच नाही. आंब्यांचंही तेच. घरची दहा कलमं आहेत. आढीतला पहिला आंबा यांनी खाऊन पाहायचा, पण एक गोड निघाला म्हणून दुसरा गोड निघेलच याची खात्री काय? एका वर्षी आमच्यासाठी ठेवलेल्या चार डझनांतले सतरा आमच्यापर्यंत पोचले, आणि ते घेऊन आलेले साडू पोट धरून आमच्याच कॉटवर चार दिवस पडून होते. माझी मुलगी मनू लहान असताना भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो की आधी हे कमरेइतक्या पाण्यात जाऊन तळ चाचपून यायचे. तोवर ओहोटी लागायची आणि पोरगी कोरड्या फ्रॉकने घरी परत यायची.

अशा माणसाला नाटक तपासायला बसवायची कल्पना माझी नव्हे. मी आपला आमच्या नाट्यमंडळाचा चिटणीस, म्हणजे ज्याला कुणीही कधीही फोन करून ओरडू शकतं असा माणूस. यंदा चिपळूणच्या एका तरुण दिग्दर्शकाने नवं संगीत नाटक लिहून आमच्याकडे बसवायला घेतलं. नाटकातला काळ मोबाइल यायच्या आधीचा. नवरा वर्षानुवर्षं मुंबईत नोकरीला, मागे गावात एकटी राहिलेली बायको दुसऱ्या एका माणसात गुंतते, आणि शेवटी नवरा परत येतो तेव्हा घराला कुलूप असतं. पदं तर अशी सुरेख की ऐकत राहावं. रविवारी दुपारचा एक प्रयोग नववी-दहावीच्या मुलांना फुकट दाखवायचा असं ठरलं आणि पालकांचे फोन सुरू झाले. पोरांना नको ते कळेल, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्यांनी तोडगा सुचवला की तो माणूस तिचा मावसभाऊ दाखवा आणि दुसऱ्या अंकातलं पद तिने राखी बांधताना म्हणावं. तीन सभा झाल्या. तिन्हींत चहा गार झाला, डोकी तापली आणि ठरलं काहीच नाही.

यात माझ्या घरचीच अडचण होती. पेटीच्या साथीला बसणार होती माझी मनू, वय वर्षं पंधरा. मुलांनी हे नाटक बघायचं नाही असं ठरलं, तर पंधरा वर्षांच्या पोरीने साथीला तरी कसं बसायचं? 'दुसरा पेटीवाला बघून ठेवा,' असं अध्यक्षांनी मला सांगूनही टाकलं. पोरगी दोन महिने ती पदं घोटत होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पेटीला खोळ घालून बसली, आणि घरात वावरणं मला कठीण झालं. अखेर चौथ्या सभेत कुणीतरी साडूंचं नाव काढलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण त्यांच्या निर्णयाविरुद्ध बोलायचं म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागतं, आणि एवढा वेळ रत्नागिरीत कुणालाच नसतो.

दुसऱ्या दिवशी साडू पाटी-खडू घेऊन पावसहून एसटीने तालमीला हजर. मनूलाही तालमीपुरती पेटीवर बसायची परवानगी त्यांनी दिली, कारण चालू यंत्राशिवाय तपासणी होत नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, "तो पैल्या अंकात विडी वडतो. पोरं शिकतील." विडी काढली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या विहिरीला कठडा नाही म्हणून हरकत आली. कठडा केला. तिसऱ्या दिवशी बिचाऱ्या दिग्दर्शकाने धीर करून विचारलं, "काका, पण त्या दोघांचं जे काय आहे, त्याचं काय?"

"त्याचा अजून अंदाज येत नाय. उद्या परत बघतो."

असे आठ दिवस गेले. प्रयोग चार दिवसांवर आला. मी इतका कंटाळलो होतो की आता हो म्हणा, नाही म्हणा, पण एकदाचं म्हणा, एवढंच मागणं उरलं होतं. नवव्या दिवशी दुसऱ्या अंकात एक प्रवेश चालू होता. नायिका तापाने फणफणली आहे आणि अंथरुणातूनच नवऱ्याला पत्र लिहिते आहे की इकडे सगळं ठीक आहे. साडू उठले, सरळ पेटीपाशी गेले आणि मनूला विचारलं, "काय गो, ती आसं खोटं का लिवते?"

मनू भाता न थांबवता म्हणाली, "खरं लिहून तो येणार थोडाच होता, काका."

साडू खुर्चीवर येऊन बसले. तिसरा अंक त्यांनी पाहिला की नाही कुणास ठाऊक. तालीम संपल्यावर खडू घेतला आणि हॉलच्या दारातल्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : उतरायला हरकत नाही. दिग्दर्शकाने त्यांना मिठीच मारली. मनूने घरी येऊन तीन पोळ्या खाल्ल्या.

रविवारी मुलांनी हॉल भरला. तिसरी घंटा झाली तरी साडू आत दिसेनात. ज्या माणसाने जन्मात कधी दुसऱ्याला आपल्या आधी आत जाऊ दिलं नाही, तो बाहेर पायरीवर बसला होता. मी म्हटलं, "चला, सुरू होतंय."

"तू हो पुढं. मी जरा वरच थांबतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या हिला टायफॉइड झाला होता, मी तिकडं आखातात होतो. मला ते फार मागनं कळलं. तेव्हाचं पत्र तू टाकलंस ना पोस्टात?"

टाकलं होतं. ताईच्या हातात पत्ता लिहिण्याइतकीही ताकद नव्हती, म्हणून पाकिटावर मीच लिहिलं होतं. 'यांना कळवू नका' अशी तिने शपथ घातली होती आणि मी वीस-बावीस वर्षं ती पाळली होती.

"पाकिटावरचं अक्षर तुझं होतं," साडू म्हणाले. "मी तेव्हाच वळखलं. म्हटलं, हिनं का नाय लिवला पत्ता? पण आत लिवलं होतं, सगळं ठीक. मग मी काय इचारलंच नाय."

मला त्या म्हाताऱ्याबद्दल फार माया वाटली. तुमची यात काय चूक, असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही हे त्यांनाही कळलं असतं. आत पडदा वर गेला, मनूने पेटीवर सूर धरला.

"जा रे, पोरगी वाजवतेय," ते म्हणाले.

मी गेलो नाही. तिथेच त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो, आणि पहिला अंक संपेपर्यंत आम्ही दोघांनी तो बाहेरूनच ऐकला.