केदारे काकांचा मुकादम

केदारे काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलपाशी पत्रकं वाटत होते. फोन त्यांच्या सुनेचा, मनीषावहिनींचा. "ताई, पप्पा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, मी पेपर घेऊन येते तोवर…" मागे ट्रकचे हॉर्न चाललेले, मी एका कानात बोट घालून ऐकत होते. हातातली पत्रकं सरकारी शाळांत धूळ खात पडलेल्या संगणकांबद्दलची होती. या विषयात बोलण्याऐवजी हाताने काम करणारा मी पाहिलेला एकच माणूस, तो गेला होता. आणि त्याच माणसाविरुद्ध मी एकदा पत्रक काढलं होतं. ते त्यांच्या हयातीत मागे घेतलं नाही. पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे ती त्यासाठी.

प्रल्हाद केदारे मूळचे येवल्याकडचे. सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये, यंत्रांच्या देखभालीत गेली. तिथली शिस्त अशी की आत काय केलं ते घरी बायकोलाही सांगायचं नाही. काकू म्हणायच्या, "डबा संपवला का, एवढंच विचारायची मुभा होती मला." निवृत्तीनंतर हा माणूस मुलाच्या टाकून दिलेल्या संगणकावर लिनक्स शिकला. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी खुली प्रणाली. ती विकत घ्यावी लागत नाही, ती कशी लिहिली आहे ते कोणीही वाचू शकतं, बदलू शकतं, आणि भंगारात निघालेली यंत्रंही तिच्यावर बरी चालतात. अडतं ते एका ठिकाणी. वायफाय, प्रिंटर, व्हिडिओ, त्यातला आवाज… यांना लागणारे ड्रायव्हर, म्हणजे तो तो भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, आणि बाकीचे तुकडे दर वेळी आपोआप बसत नाहीत, आणि ते बसवायच्या आज्ञा इंग्रजीत, दहा ठिकाणी विखुरलेल्या. काकांनी त्या सगळ्या एका फाइलीत ओळीने लिहून काढल्या. अशा फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात. पेनड्राइव्ह लावायचा, फाइल चालवायची, ती मराठीत विचारणार, "आवाज येतो का?" नाही म्हटलं की पुढचं ती बघणार. तिचं नाव त्यांनी मुकादम ठेवलं होतं. "स्वतः काय बी करत नाय," ते सांगायचे, "नुसता दुसऱ्यांना कामाला लावतो. मग दुसरं काय नाव ठेवणार?"

आमची गाठ पडली ती आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत. आम्ही काही मित्रमैत्रिणींनी जुने संगणक गोळा करून तिथे बसवले होते आणि अट घातली होती की त्यांच्यावर कंपनीचा एकही बंद तुकडा चढणार नाही. बंद म्हणजे ज्याच्या आत काय आहे ते वापरणाऱ्याला बघताच येत नाही. गरिबाच्या पोरांच्या हातात आपण जे देतो ते तरी पूर्ण त्यांच्या मालकीचं असावं, हा मुद्दा होता. आजही आहे. झालं असं की निम्म्या यंत्रांना वायफाय सापडेना, आणि व्हिडिओत माणसं दिसायची पण बोलायची नाहीत, कारण त्या आवाजाच्या पद्धतीवर कंपन्यांचं पेटंट होतं आणि आम्ही तेही हद्दपार केलं होतं. नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करणारी प्रियंका सरांच्या तासाचा मुका व्हिडिओ बघत बसली होती. "ताई, सर ओठ लय भरभर हलवतात," ती म्हणाली. मी तिला स्वातंत्र्य समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी केदारे काकांना घेऊन आली. थोड्या वेळात सर बोलायला लागले, वायफायही लागलं.

मी पेटले. आठवड्याच्या आत पत्रक काढलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: 'नाशिकरोडचे काही उत्साही ज्येष्ठ मागच्या दाराने कंपन्यांचा बंद माल गरिबांच्या संगणकात घुसवत आहेत.' नाव घातलं नव्हतं, पण आमच्या कॉलनीत उत्साही ज्येष्ठ एकच. काका अभ्यासिकेत आले, चष्मा लावून माझ्यासमोर उभं राहून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"शुद्धलेखन चांगलं हाय," म्हणाले. "उत्साही, कबूल. ज्येष्ठ, कबूल. मागच्या दाराचं तेवढं खोटं हाय, पोरी. मी जिन्याने आलो, चपला काढून."

पोरं हसली. मी नाही.

"तेवढं वाक्य काढशील?"

"तुम्ही बंद ड्रायव्हर बसवता की नाही, काका?"

"बसवतो. कुठे बसवतो, का बसवतो, ते फाइलीत हाय. वाच एकदा."

"मला माहीत आहे त्यात काय आहे ते," मी म्हणाले.

त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली, खिशात ठेवलं. वाद नाही, आवाज चढवणं नाही. त्यानंतरही ते येतच राहिले, कुणाचा प्रिंटर, कुणाचा कॅमेरा जुळवून देत राहिले. मी दिसले की "काय पुढारी, बरं हाय ना?" आणि मी जेवढ्यास तेवढं. तीन वर्षं. ते गेल्यावर त्यांच्या जलदानविधीला मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणाले. प्रियंका आता एका दवाखान्यात नोकरीला आहे, ती शेजारीच बसली होती. "तुमचा घसा, ताई?" एवढंच म्हणाली.

मग पंधरा दिवसांपूर्वी अभ्यासिकेत कुणीतरी एक जुना लॅपटॉप आणून दिला आणि मुकादमाला त्याचं वायफाय ओळखता येईना. फाइलीत एक ओळ वाढवायला हवी होती, आणि ते जमणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी फाइल उघडली. आत काय आहे ते बघण्याचा हक्क, या एका मागणीसाठी मी चौकाचौकात ओरडले आहे. ही फाइल अभ्यासिकेच्या प्रत्येक यंत्रावर उघडी पडलेली होती. वाचायला मी गेले नाही.

स्क्रिप्टमध्ये यंत्राने सोडून द्यायच्या, फक्त माणसाने वाचायच्या, अशाही ओळी लिहिता येतात. काकांनी प्रत्येक बंद ड्रायव्हरच्या वर अशा ओळी लिहिल्या होत्या. 'अभ्यासिका, खिडकीजवळचं यंत्र. वायफाय. बंद आहे, नाइलाज. प्रियंकाची परीक्षा जवळ.' त्याखाली, पुढच्या महिन्याची तारीख घालून, 'तपासलं. खुला अजून नाही.' त्याखाली पुन्हा तेच, त्याखाली पुन्हा. दर महिन्याला हा माणूस प्रत्येक बंद ड्रायव्हरसाठी खुला पर्याय निघाला का ते शोधत होता, बसवून बघत होता, आणि निकाल लिहून ठेवत होता. चार ठिकाणी बंद ड्रायव्हरची ओळ रद्द केलेली होती: 'खुला आला. चालतो. बंद काढला.' त्यातल्या एका ठिकाणी पुढे लिहिलं होतं, 'ताईला सांगायचं. आज नको, तापलेली आहे.'

ज्या माणसाला सगळी नोकरी कामाबद्दल गप्प राहावं लागलं, त्याने निवृत्त झाल्यावर केलेलं एकूण एक काम कुणालाही वाचता येईल असं लिहून ठेवलं होतं. मी मागत होते ते हेच. मी पत्रकात मागत होते… आणि ते माझ्या नाकासमोर, रोजचं काम म्हणून करत होते, कुणाचा तास बुडू न देता.

तर ते वाक्य मी इथे मागे घेते. मुद्दा मागे घेत नाही, कारण तो काकांनीही कधी सोडला नव्हता. नव्या लॅपटॉपला खुला ड्रायव्हर मिळतो का ते मी दोन दिवस शोधलं. नाही मिळाला. मग अभ्यासिकेत बसून, पोरांसमोर, माझ्या हाताने बंद ड्रायव्हर बसवला. कुणाच्या यंत्रावर, कशासाठी, ते वर लिहिलं. काकांच्या फाइलीतल्या बाकीच्या बंद ड्रायव्हरांचे खुले पर्यायही एकेक करून पुन्हा शोधले. त्यांच्या शेवटच्या नोंदींखाली आता माझ्या नोंदी आहेत, त्यांच्याच शब्दांत, कारण दुसरे सुचले नाहीत.

तपासलं. खुला अजून नाही.