टॉवरमागचा चंद्र

सहा जानेवारी, मंगळवार, अंगारकी. संध्याकाळी नारळ खवत होते. सासूबाईंच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं आणि चंद्र दिसल्यावर त्यांना मोदक हवे होते. एक अंगारकी नीट पार पडली की वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य, असा त्यांचा हिशोब. चंद्राआधी घास गेला तर सगळं पाण्यात.

बंगळूरमध्ये चंद्र टॉवरच्या सोयीने दिसतो. आमच्या पूर्वेला अर्धवट बांधलेला एक आहे, हिरवी जाळी पांघरलेला. मी नुकतीच मोबाइलवर ॲप घेऊन आकाश ओळखायला लागले होते, म्हणून चंद्र शोधायचं काम माझ्याकडे आलं. तबक घेऊन आम्ही तिघं गच्चीवर गेलो.

पूर्वेला बऱ्यापैकी वर एक ठळक ठिपका होता.

"विमान," नवरा म्हणाला.

"गुरू आहे तो. विमान लुकलुकतं आणि पुढे जातं."

"वर पण ट्रॅफिक असेल."

"गुरूला गुरुवारी बघू," सासूबाई म्हणाल्या. "चंद्र कुठाय?"

मी मोबाइल फिरवला. चंद्र बरोबर टॉवरच्या दिशेला, आणि जाळीमागे पांढरा गोल उजेड.

"उगवला!"

सासूबाईंनी अर्घ्य दिलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि नैवेद्याचा मोदक तोंडात टाकला. उजेड विझला.

"आई, चंद्र बंद झाला," नवरा म्हणाला.

तो बांधकामावरचा दिवा होता. ॲपमधला चंद्र एका आडव्या रेषेच्या खाली होता. ती रेषा म्हणजे क्षितिज. ॲप जमिनीच्या आरपारचंही दाखवतं. मला ती रेषा सजावट वाटली होती.

सासूबाईंनी मोदक गिळला नव्हता. तसं त्यांनी बोट हलवून सांगितलं.

"थुंका मग," मी म्हटलं. त्यांनी डोळे वटारले. नैवेद्य थुंकायचा नाही आणि चंद्राआधी गिळायचाही नाही. मी खुर्ची आणली. गाल फुगवून त्या बसल्या.

नवऱ्याला अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. "आई, उद्या दुधीची भाजी करू?"

"उं उं!"

"करतो मग. पडवळ पण आणतो."

त्यांनी चप्पल काढली.

शेवटी टॉवरच्या कडेने नारिंगी, एका बाजूने चेपलेला चंद्र वर आला. या वेळी आम्ही तिघांनी तो तपासला. सासूबाईंनी फुगल्या गालानेच पुन्हा अर्घ्य दिलं, घास गिळला आणि मोठा श्वास घेतला.

"सारणात वेलदोडा कमी आहे," त्या म्हणाल्या. "इतका वेळ तोंडात धरल्यावर कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवरवर जाऊन वॉचमनला मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, की पुढच्या संकष्टीला चंद्र येईपर्यंत तो दिवा लावू नका.

"सरी अक्का," तो होकारार्थी मान हलवत म्हणाला. "पण मग अंधारात माणसं पडतील."

ते बरोबर होतं. त्याला उरलेले मोदक दिले आणि तशीच पुढे वेलदोडे आणायला गेले.