कॅमेऱ्यावरची चौकट

कळमनुरीत जिवंत माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो मेलेल्यांच्या फोटोंना फ्रेमा करून देतो. सगळे त्यांना फ्रेमवाले चाचा म्हणतात. बाजाराच्या रस्त्याला लागून त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काच कापायचं एक टेबल, कोपऱ्यात उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या आणि गिऱ्हाइकांनी न्यायच्या राहिलेल्या तसबिरी. गणपती, मक्का-मदिना, दहावीत पहिला आलेला कुणाचा तरी मुलगा आणि कुणाचे तरी वारलेले आजोबा तिथे एकाच भिंतीला टेकून, एकाच धुळीत बसलेले असतात. सर्वधर्मसमभावावर मी पेपरात लिहिलेल्या सगळ्या लेखांपेक्षा ती भिंत जास्त पटते, असं माझे वडील मला सांगतात. वडील निवृत्त शिक्षक, चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि तालुक्यातल्या प्रत्येक अन्यायावर एकेक पत्रक काढलेला माणूस. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी काहीतरी मागणी असते, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

चाचांची मागणी मात्र कुठल्याच पत्रकात बसणारी नव्हती. गावात कुणी गेलं की घरची माणसं त्याचं ओळखपत्र घेऊन धावत सुटतात. कार्डावरचा नखाएवढा फोटो मोठा करायचा, मागे निळं आभाळ लावायचं, आणि तेराव्याच्या आत तो चाचांच्या टेबलावर पोचवायचा. कार्डावरच्या फोटोत माणूस कसा दिसतो ते काही सांगायला नको. जन्मभर हसून दुसऱ्याला हसवलेली बाई तिथे चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखी दिसते. चाचा काच पुसता पुसता त्या फोटोची माफी मागत. "माफ कर माय, तू अशी नव्हतीस," म्हणत, आणि खिळे हळूच ठोकत, जणू आत कुणाला लागेल. शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं की कळमनुरीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा, तो चालता-बोलता असताना, एक हसरा फोटो आपण काढणार, आणि फुकट काढणार.

आठवडी बाजारातल्या भंगारवाल्याकडून त्यांनी त्यासाठी खिशात मावणारा एक डिजिटल कॅमेरा आणला. त्याचा मागचा पडदा फुटून काळा पडला होता. भंगारवाल्याने तो दोष ओशाळून सांगितला, तर चाचांना तोच गुण वाटला. मोबाइल आणि पडदा या दोन्हींवर त्यांचा राग होता, आणि रागाला विचारांची बैठक होती. मी एकदा म्हटलं, चाचा, साध्या मोबाइलवर काढा की. त्यावर काचेची कड घासता घासता ते म्हणाले, "पडद्यावर माणूस दिसत न्हाई बेटा, त्याचा फोटो दिसतो. अजून काढलाबी न्हाई, तं आधीच फोटो झाला त्याचा. मला माणूस बघायचाय."

पण पडदा नाही म्हणजे नेम धरायला काहीच नाही. आत कुठे बघायचं भोकही त्या कॅमेऱ्याला नव्हतं. मग चाचांनी ते वरून बसवायचं ठरवलं. पहिल्यांदा स्वतःच्याच घराच्या दारातली, बाहेर कोण आलंय ते बघायची काच काढून कॅमेऱ्याच्या डोक्यावर चिकटवली. तिच्यातून सगळा बाजार वाटीच्या तळाशी बसल्यासारखा दिसे आणि रस्ता दोन्ही बाजूंनी वर वळे. इकडे घरी दाराला राहिलेल्या भोकात चाचींनी चिंधी कोंबली. कुणी कडी वाजवली की त्या चिंधी काढत, भोकाला डोळा लावत, चिंधी परत कोंबत आणि मग दार उघडत. महिनाभर त्या चाचांशी फक्त जेवणापुरतं बोलल्या. काच अखेर दाराला परत गेली.

आणि मग चाचांना ते सुचलं जे फक्त फ्रेमवाल्यालाच सुचू शकतं. त्यांनी पट्टीच्या कातरणातून काडेपेटीएवढी एक फ्रेम केली, चारही कोपरे व्यवस्थित तिरपे कापून, सोनेरी नक्षीसकट. ती त्यांनी कॅमेऱ्यावर पुढच्या बाजूला उभी चिकटवली. मागच्या बाजूला पत्र्याचा एक तुकडा बसवला आणि त्याला बारीक भोक पाडलं. भोकाला डोळा लावायचा, समोरच्या फ्रेममध्ये जे दिसेल तो फोटो. बास. आत ना काच, ना भिंग. मी एकदा दुपारच्या वेळी तिच्यातून बघितलं. समोर हळदीची पोती भरलेला टेम्पो उभा होता, त्याच्या सावलीत एक बाई चप्पल काढून पाय मोकळे करून बसली होती, आणि हवेत पिवळी धूळ तरंगत होती. रोजचंच सगळं. पण त्या सोनेरी चौकटीत ते इतकं सावकाश चाललं होतं की डोळा काढावासा वाटेना. बाईने पदराने कपाळ पुसलं, टेम्पो निघाला, ती उठून चौकटीबाहेर गेली, आणि मला उगाचच तिला हाक मारावीशी वाटली. चाचा शेजारी काच कापत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "दिसला का माणूस?"

पहिले फोटो मात्र सगळे बिनडोक्याचे निघाले. चौकट वर, कॅमेऱ्याचा डोळा खाली. चाचा बघत एक आणि कॅमेरा काढत असे त्याच्या बोटभर खालचं. मग त्यांनी मागच्या पत्र्याखाली आगपेटीची एक काडी सरकवली, नेम जरासा खाली आला, आणि लोकांची डोकी लोकांना परत मिळाली. त्यानंतर चाचा गल्लोगल्ली हिंडू लागले आणि गावात वेगळीच पंचाईत झाली. चाचा कॅमेरा घेऊन दारात आले म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याचं काही खरं नाही, असा बोभाटा झाला. आठवडाभर अन्नाला न शिवलेली एक आजी त्यांना अंगणात बघून ताडकन उठून बसली आणि तिने भाकरी मागितली. चाचांनी तिचा घास चावतानाचा फोटो काढला. मी पाहिलेल्या फोटोंत तो सर्वांत सुंदर आहे. ती त्यानंतर दोन पावसाळे जगली, आणि तिच्या तेराव्याला तोच फोटो फ्रेम होऊन गेला. घरच्यांना रडताना मध्येच हसू येत होतं.

एक माणूस मात्र चाचांच्या चौकटीत येत नव्हता, माझे वडील. फोटो म्हणजे व्यक्तिपूजेची पहिली पायरी, असं त्यांचं छापील मत होतं. शाळेतल्या निरोप समारंभातही ते फोटोग्राफरच्या मागे जाऊन उभे राहिले होते. चाचांनी या मताला फार किंमत दिली नव्हती. पण मागच्या हिवाळ्यात वडिलांच्या छातीत दुखलं, नांदेडला न्यावं लागलं, आणि परत आल्यावर ते जिना मध्येच थांबत थांबत चढू लागले. चाचांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन आमच्या दारात बसले. वडिलांचा जगात एकच फोटो होता, कार्डावरचा, आणि तो आपल्या टेबलावर कधी येऊ द्यायचा नाही, असं चाचांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"माझ्या फोटोला हार घालायची लई घाई झाली का तुला?" वडिलांनी विचारलं.

"हार तुझ्या पोरीनं घालायचा. मला तुझं थोबाड फक्त धड पाहिजे, मास्तर."

वडील महिनाभर भांडले आणि अखेर कबूल झाले. दर रविवारी सकाळी, दुकानासमोरच्या उन्हात, स्टुलावर. हसा म्हणायचं नाही, ही अट. चाचा समोर उकिडवे बसत, भोकाला डोळा लावत आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहत. वडील तेवढ्या वेळात एखाद्या विषयाला सुरुवात करत, पाण्याच्या, नाहीतर बंद पडत चाललेल्या शाळांच्या, आणि बोट वर करून मुद्दा मांडू लागले की क्लिक. कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात जायचं काम माझं. पहिला फोटो आला तो मानेपासून खाली, वर केलेल्या बोटासकट. वडील खूश झाले. म्हणाले, मुद्दा पोचला, मुंडकं कशाला पाहिजे. दुसराही तसाच आला. तिसरा आणि त्यापुढचेही.

त्याच कार्डात बाकीच्यांचे फोटो असत, न्हाव्याचे, चहावाल्याच्या आईचे, आणि सगळ्यांना डोकी असत. मी एका रविवारी लक्ष ठेवलं. वडील स्टुलावर बसले, चाचा खाली बसले, आणि त्यांनी पत्र्याखालची काडी अंगठ्याने अलगद काढून दातात धरली. फोटो झाल्यावर ती परत जागेवर गेली.

वडील चहाला गेल्यावर मी विचारलं. मी अंधश्रद्धेवर लिहिलेलं सगळं त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. चाचा गडबडले नाहीत. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"तू लिहितीस ते बराबर लिहितीस, बेटा. मीबी तसलं काही मानत न्हाई." मग ते भिंतीकडे वळले. तिथे न्यायला तयार झालेले, न्यायचे राहिलेले, अजून काच बसायचे कितीतरी चेहरे होते, त्या भाकरीवाल्या आजीच्या शेजारी राहणारे, मागच्या गल्लीतले. "पर बघ ना. समदे कसे हासून राहिले. समदे मीच काढलेले. यातला एकबी उरला न्हाई."

मी मुद्दा मांडणार होते की ती माणसं म्हातारीच होती, आणि फोटोचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण चाचा ते माझ्याइतकंच जाणत होते. त्यांनी नुसतं विचारलं, "मास्तरला सांगशील?"

संध्याकाळी वडील ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं की या वेळी तरी आलं का डोकं. माझ्या हातात पाकीट होतं. आत पुन्हा तेच बोट, तीच पांढरी बाही, आणि वर जिथे त्यांचा चेहरा असायचा तिथे फोटो संपलेला.

"न्हाई आलं," मी म्हटलं. "परत बसावं लागंल."

"त्याला जन्मात एक गोष्ट सरळ बसवता आली न्हाई," वडील म्हणाले, आणि उठून पुढच्या रविवारसाठी पांढरा सदरा धुवायला टाकला.