अकरा रुपये बाकी

फी भरण्याचा आनंद या पृथ्वीतलावर कुणी मनापासून लुटला असेल, तर तो माझ्या रूममेटच्या बाबांनी. बाकीचे पालक फी भरताना दाढ उपटायला आल्यासारखं तोंड करतात. यांचं तसं नाही. देवळीला यांचं भांड्यांचं दुकान. फीची तारीख जवळ आली की दुकानाला कुलूप लावायचं, इस्त्रीचा शर्ट चढवायचा, पहिल्या बसनं वर्ध्याला यायचं आणि आमच्या विद्यापीठाच्या फी काउंटरसमोर वरबापाच्या थाटात उभं राहायचं. एका हातात पैशांची पिशवी, दुसऱ्या हातात काउंटरवरच्या मॅडमसाठी कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीचा डबा. "काका, घरी बसून ऑनलाइन भरा ना," असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे फार कीव येऊन बघितलं. म्हणाले, "पोरी, पैसे देले हे दिसलं पायजे, अन् कोणी घेतले त्याचं तोंडही दिसलं पायजे."

भाव केल्याशिवाय या माणसानं आयुष्यात काही घेतलं नसावं. फीचा कागद म्हणजे त्यांच्या लेखी समोरच्या दुकानदारानं सांगितलेला पहिला भाव. चष्मा नाकावर ओढून ते एकेक शुल्क मोठ्यानं वाचत. "लायब्ररी. बरं, हे राहू द्या, तिथं जाते पोरगी. जिमखाना? हे काऊन जी? आमची पोरगी तं तिकडं फिरकतबी नाई. कापा हे." मॅडम हसून म्हणायच्या, "काका, तसं कापता येत नाही." "मंग वसूल करा लागन," असं म्हणून एका वर्षी ते थेट जिमखान्यात गेले आणि चपला काढून, इस्त्रीच्या शर्टात, त्या धावायच्या पट्ट्यावर चढले. पट्टा मागे पळतोय, काका पुढे पळताहेत, आणि तिथला सर बटण शोधत त्यांच्याभोवती फिरतोय. त्यांची मुलगी, म्हणजे माझी रूममेट प्रांजली, माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभी. उतरल्यावर घाम पुसत म्हणतात कसे, "चीज चांगली आहे. पैसे वाया नाई गेले." त्या दिवशी दुपारपर्यंत लायब्ररीच्या पंख्याखाली बसून त्यांनी पेपरही वाचले, तेव्हा कुठे ते देवळीच्या बसला लागले.

पण त्यांचा खरा वेडेपणा पुढेच होता. सगळी फी मोजून दिली की ते त्यातून अकरा रुपये परत उचलून खिशात टाकत आणि मॅडमना सांगत, "हे एवढे बाकी ठेवा." पैसे नव्हते म्हणून नव्हे. हा त्यांच्या धंद्याचा धर्म होता. गिऱ्हाइकाचं खातं कधी पूर्ण साफ करायचं नाही आणि आपलंही कुणाकडचं करायचं नाही. "हिशेब साफ झाला का दोन माणसं एकमेकाले ओळखत नाईत," ते सांगायचे. "थोडं बाकी असलं तं येनं-जानं राह्यते, बोलनं राह्यते. पोरगी शिकून राह्यली ना इथं? मंग खातं कायले बंद करता?" मॅडम मग आपल्या पर्समधले अकरा रुपये टाकून पावती पूर्ण करायच्या. सांभारवडीपुढे अकरा रुपये काय, असा त्यांचा हिशेब असावा. काकांना हे कुणी कधी कळू दिलं नाही.

यात प्रांजली कुठेच नव्हती. प्रवेशाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी एका हमीपत्रावर सह्या केल्या होत्या, की फी वेळेवर आणि पूर्ण भरण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. ते वाचलं कुणी? मी तरी नाही. काका तर तिला पावतीही बघू देत नसत. "तू फक्त शिक. फी-बीचं तुह्या डोक्याले कायले पायजे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तीही म्हणायची, बाबा बघतात.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि रोख काउंटर बंद झालं. काकांनी बँकेत जाऊन, तोंड वाकडं करून, फी परस्पर विद्यापीठाच्या खात्यात टाकली. अर्थात अकरा रुपये कमी. आता पर्स उघडणारं कुणी नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही हॉल तिकीट काढायला बसलो. माझं आलं. प्रांजलीच्या नावापुढे लाल अक्षरं : फी बाकी, हॉल तिकीट मिळणार नाही. अकरा रुपयांसाठी अख्खं वर्ष जायची वेळ आली होती. वर उशिराचा दंड चढलेला, तो तर अकरा रुपयांच्या आजोबासारखा दिसत होता. तिनं आधी बाबांना फोन लावला. "थांब, मी उद्या येतो अन् त्यांच्यासंगं बोलतो," ते म्हणाले. तिनं फोन ठेवला. मग तिनं फीचे नियम उघडले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि नवीन चपलांसाठी साठवलेल्या पैशांतून दंडासकट सगळे भरून टाकले. हॉल तिकीट आलं.

सकाळी काका हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात सांभारवडीचा डबा, भांडायची पूर्ण तयारी.

"बाबा, भरले मी," प्रांजली म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. काहीच बाकी नाई आता."

ते परीक्षा हॉलबाहेरच्या बाकावर बसले. रागावतील असं मला वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "मंग आता मले इथं कोण ओळखन?"

"मी आहो ना, बाबा. फी नसली तरी येत जा."

त्यांनी मान हलवली आणि डबा माझ्याकडे द्यायला हात उचलला. हात खांद्यापाशीच अडला. मी डब्याकडेच बघत होते, पण प्रांजलीला कळलं. ती त्यांच्या शेजारी बसली, दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला आणि हळूहळू वर न्यायला लागली. "केव्हापासून दुखते हे?"

"तू पह्यल्या वर्षाले होती, तवापासून."

"अन् मले सांगितलं काऊन नाई? दर वर्षी तं येत होते तुम्ही."

काकांनी डबा दुसऱ्या हातात घेऊन बाकावर ठेवला. मग म्हणाले, "मी तं फी भराले येत होतो."

प्रांजलीनं मान खाली घातली आणि त्यांचा हात आणखी थोडा वर नेला. आत पहिली घंटा झाली होती. मला तिला हाक मारायची होती, पण काकांनी डोळे मिटून घेतले होते, आणि माझ्यानं काही हाक मारवली नाही.