तीनशे मीटरचं घड्याळ

माझ्या नवऱ्याला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून लोकांना वाटतं, माणूस समुद्रावरचा असेल. कसला समुद्र. गुडघ्याच्या वर पाण्यात हे कधी उतरले नाहीत. लग्नानंतर एकदा तळ्यात होडीत बसलो, तर काठाला लागेपर्यंत यांनी दोन्ही हातांनी होडी घट्ट धरून ठेवली होती. नवी बायको शेजारी बसलीय, तिचा हात धरावा, हे काही सुचलं नाही. अशा माणसाच्या मनगटावर पाणबुड्यांचं घड्याळ. तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारं.

नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात, स्टोअरकीपरची. तळमजल्यावर जाळीच्या खिडकीमागे बसून बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट द्यायचे. सकाळी दिलेला पट्टा संध्याकाळी तुटून परत यायचा. मालक बाजारातला सगळ्यात स्वस्त माल आणणार, आणि तो तुटला की शिव्या खिडकीमागच्या माणसाला. घरी आले की यांचं तेच पालुपद, हल्ली वस्तू टिकायला बनवत नाहीत, मोडायला बनवतात. घड्याळ घेतल्यापासून कारखान्यात यांचं नावच पडलं, पाणबुडे. जो तो खिडकीवर टकटक करून विचारणार, पाणबुडे, आज किती खोल? हे आपले हसायचे. मला त्या लोकांचाही राग यायचा आणि यांच्या हसण्याचाही.

घड्याळ एवढं थोरलं की शर्टाची बाही त्यावरून खाली येईना. एका बाहीचं बटण कायम उघडं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मनगटापेक्षा घड्याळ जड. चावी साधी ओढायची नाही, आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची. वर बाजूला एक झडप. ही कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, समुद्राच्या तळाशी दिवसचे दिवस राहून काम करणारे लोक असतात, त्यांच्या घड्याळात हेलियम नावाचा वायू शिरतो, वर येताना तो बाहेर पडला नाही तर काच उडून जाते. मी सगळं ऐकून घेतलं. माझ्या स्वयंपाकघरात तळणाचा धूर बाहेर जायला साधा पंखा नव्हता. पंखा पंखा करून माझा घसा सुकला, आणि यांच्या घड्याळाला हवा जायला वेगळी सोय.

आणि कहर म्हणजे आंघोळीला जाताना ते काढून ठेवायचे. साबणाने आतले रबरी वायसर खराब होतात म्हणे.

मी एकदा भांडायलाच बसले. म्हटलं, आज सांगाच, हे असलं घड्याळ तुम्हाला हवंच कशाला. मला वाटलं, नेहमीसारखे हसतील. पण हे कधी नव्हे ते गंभीर झाले.

"अगं, आपलं सगळं जेवढ्यास तेवढं," म्हणाले. "पगार जेवढ्यास तेवढा, घर जेवढ्यास तेवढं, मीही जेवढ्यास तेवढाच. एक तरी वस्तू गरजेपेक्षा जास्त असू दे की."

मी उठून पोळ्या लाटायला गेले. त्यानंतर घड्याळावरून कमी भांडले, पंख्यावरून जास्त.

यांचा खरा जीव त्या घड्याळाच्या कड्यात. काचेभोवती दातेरी कडं असतं, त्यावर शून्याची खूण. पाणबुड्याने पाण्यात उतरताना ती खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती वेळ झाला ते समोर दिसतं, आणि पाठीवरच्या टाकीतली हवा संपायच्या आत वर येता येतं. हे त्या कड्यावर अंडी उकडायचे. दूधवाला किती उशिरा आला ते मोजायचे. माझ्या बहिणीचा फोन मोजायचे. फिरवलं की टिकटिकटिक असा आवाज यायचा, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा. आणि कडं एकाच बाजूला फिरायचं, उलटं नाही. ते का, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. धक्का लागून कडं सरकलंच, तर झालेला वेळ जास्त दिसला पाहिजे, कमी नाही. "चुकलं तरी माणूस लवकर वर येतो," म्हणायचे, "उशिरा नाही." सांगताना चेहरा असा, की जणू यांनीच ते बनवलं.

दरवर्षी घड्याळ तपासणीला जायचं. घड्याळवाला ते यंत्रात घालून दाब द्यायचा, वायसर बदलायचा, आणि हे तिथे स्टुलावर बसून राहायचे. इकडे स्वतःला दोन जिने चढले की धाप. लेकीने परगावाहून फोनवर रडून घेतलं, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करून घ्या. तोवर छातीत दुखलं आणि दहा मिनिटांत थांबलं नाही, तर घरी बसू नका, सरळ इकडे या. यांनी मान डोलावली. तपासणीचं घोंगडं मात्र भिजत पडलं. आज काय कारखान्यात माल यायचाय, उद्या काय साहेब यायचेत. मी आरडाओरडा केला, अबोला धरला, लेकीला मध्ये घातलं. पालथ्या घड्यावर पाणी. घड्याळाची तपासणी त्या वर्षीही ठरल्या महिन्यात झाली.

रविवारची दुपार. मी आत भांडी घासत होते, हे बाहेर खुर्चीत पेपर घेऊन. माझं तोंड पंख्यावरून चालूच होतं. बाहेरून टिकटिकटिक आवाज आला. मग शांत. थोड्या वेळाने पुन्हा, चांगला लांबलचक, पूर्ण फेरा मारल्यासारखा. मग तिसऱ्यांदा. मी आतून म्हटलं, झिजेल ते कडं. हात पुसत बाहेर आले तर शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा, आणि डोळे मनगटावर. काय होतंय, विचारलं.

"थांब," म्हणाले. "अजून दहा मिनिटं झाली नाहीत."

शेजाऱ्याने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधी सुरू झालं? हे पडल्या पडल्या सांगतायत, मध्ये मध्ये कमी होत होतं ना, म्हणून मग पुन्हा पहिल्यापासून धरलं. असं तीनदा धरलं होतं. नियमाने वागणारा माणूस. दहा म्हणजे दहा, आणि दहा काही होऊ दिली नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत गेले.

नर्सने घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. चालू होतं. मी तिथल्या बाकावर बसून त्याच्याकडे बघत राहिले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला रडू आलं नाही. खोटं कशाला सांगू. एवढी मोठमोठी डोकी बसली असतील, दाबाचा विचार केला, धक्क्याचा केला, हेलियमचा केला. चुकून कुणी खाली राहू नये म्हणून कडं एकाच बाजूला फिरवलं. पण पूर्ण फेरा मारला की ते पुन्हा शून्यावर येतं. असं मुद्दाम, हाताने फेरा मारून खालीच बसून राहणारा माणूस असतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या नवऱ्याचा विचार कुणी केला नाही, त्याने स्वतः तर नाहीच नाही.

भेटायला आलेल्या बायका हळूच विचारायच्या, तुम्ही घरातच होता ना, मग कळलं नाही? नाही कळलं. शेजारच्या खोलीतल्या माणसाने हाक मारायची असते. तेवढंच करायचं होतं.

सगळं आटोपल्यावर भावजी आले. यांचे धाकटे भाऊ. हेच खिडकीवर टकटक करून ‘किती खोल’ विचारणाऱ्यांत पहिले, त्याच कारखान्यात आहेत. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाले, वहिनी, ते घड्याळ मला द्या, दादाची आठवण म्हणून. तुमच्या काय उपयोगाचं? बायकांच्या हातात ते दिसणार कसं?

मी त्यांच्यासमोर उठले, कपाटातून घड्याळ काढलं आणि मनगटात चढवलं. पट्टा सैल होता, घड्याळ कोपरापर्यंत सरकलं. "भावजी," म्हटलं, "तुम्हाला देण्यापेक्षा ते मी संडासात टाकेन. आणि तिथेही ते चालेल." चहा न घेता गेले.

पट्टा मी कमी करून आणलाय. घड्याळवाल्याने विचारलं, यंदाची तपासणी? म्हटलं, नको. स्वयंपाकघरात पंखा बसवलाय. धूर जातो. घड्याळ मी काढत नाही. ते घालून भांडी घासते, कपड्यांच्या सोड्यात हात बुडवते, आंघोळीला तर मुद्दाम घालून जाते आणि त्याच्यावर साबण फासते, दोनदा. म्हणते, हो खराब. होत नाही. आत एक थेंब गेलेला नाही मेल्याच्या.