कॉफीच्या डब्यावरचा चेहरा

"ही बाई कॉफी पीत नाही," सुंदर म्हणाला. "ही लॉटरीच्या तिकिटावरची लक्ष्मी आहे."

माझं तिसरं ड्रॉइंग त्याने टेबलावर उलटं टाकलं. सुंदर मद्रासच्या एका ॲड एजन्सीचा अकाउंट एक्झिक्युटिव्ह होता, म्हणजे गिऱ्हाईक आणि चित्रकार यांच्या मधला माणूस. वय सव्वीस, आणि तंजावूरच्या मे महिन्यात गळ्यात टाय. शेजारी गिऱ्हाईक बसलं होतं, कॉफीवाले नटराजन. तीन पिढ्या त्यांच्या दुकानात कॉफी पावडर कागदी पुड्यात बांधून दिली जायची आणि कोणाची तक्रार नव्हती. पण बाजार नुकताच खुला झाला होता, केबलवर परदेशी इन्स्टंट कॉफीच्या जाहिराती यायला लागल्या होत्या आणि नटराजन घाबरले होते. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला नवं पॅकिंग हवं असतं. नटराजनना पत्र्याचा डबा हवा होता आणि डब्यावर एका बाईचा चेहरा.

"सिनेमातली नको, देवी नको," सुंदर म्हणाला. "शेजारच्या घरातली वाटली पाहिजे. जिच्या हातची कॉफी मागून प्यावी अशी. शुक्रवारपर्यंत, सार."

शुक्रवार अशासाठी, की शनिवारी काम शिवकाशीला जाणार होतं. तिथल्या प्रेसमध्ये चित्राचे चार रंग वेगळे करतात, त्यांच्या चार फिल्म्स, चार प्लेट्स बनतात आणि मग छपाई. प्रेसवरची वेळ आधीच घेतलेली होती. ती हुकली की पुढे कॅलेंडरांची गर्दी.

आमच्या धंद्यातली एक साधी रीत सांगतो. चेहरा काढताना आम्ही रेफरन्स घेतो, म्हणजे समोर फोटो किंवा स्केच ठेवतो. पण एकच रेफरन्स कधी घेत नाही. डोळे एकीचे, हनुवटी दुसरीची, केसांची ठेवण तिसरीची. म्हणजे उद्या बाजारात कोणाला आपलंच तोंड साबणाच्या वडीवर भेटत नाही. मी नव्या मुलांना हे छातीठोकपणे शिकवायचो. ती तिन्ही ड्रॉइंग्ज मी याच रीतीने काढली होती आणि तिन्हींत जीव नव्हता. सुंदरचं बरोबर होतं, म्हणून तो मला जास्त खुपत होता.

जिवंत चेहरा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. तो एका पत्र्याच्या ट्रंकेत होता, आणि ती ट्रंक किडंगूत होती.

किडंगू म्हणजे तमिळमध्ये गोदाम. राजवाड्यामागच्या गल्लीत एका बंद पडलेल्या तांदळाच्या दुकानाखाली, पाच पायऱ्या उतरून ही खोली होती. तिथे दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण जमायचो. साइनबोर्ड रंगवणारा सेल्वम, कॉलेजात तमिळ शिकवणारे एक लेक्चरर, सोन्याचा वर्ख लावून देवादिकांची तंजावुरी चित्रं करणारा दुराई, मी आणि मंजुळा. आम्ही लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, चित्र खोदून शाईने प्रिंट्स काढायचो आणि बसस्टँडच्या भिंतीवर, टाऊन बसच्या शेडमध्ये चिकटवून यायचो. कावेरीला न आलेलं पाणी, बंद पडणारे माग, असले विषय. खाली सही नाही. लेक्चररांना सरकारी नोकरी होती, सेल्वम सगळ्याच पक्षांचे बोर्ड रंगवायचा आणि मंजुळा घरी हिंदीच्या क्लासला जाते असं सांगून यायची. म्हणून नियम होता, की किडंगूतलं नाव बाहेर जायचं नाही आणि भिंतीवर लावायच्या प्रिंट्स सोडल्या तर किडंगूतला कागदही बाहेर जायचा नाही.

मंजुळा आमच्यापैकीच, म्हणजे तंजावूरच्या मराठी घरातली. वय एकवीस. वडील वारलेले, घरात आई आणि बँकेत नोकरी करणारा थोरला भाऊ गोपाळराव. आम्हा पाचांत सगळ्यात चांगला हात तिचा होता. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं, आता करतो. पाण्याच्या पंपापुढे रांगेत ठेवलेल्या घागरी आणि त्यांच्या वर शीतपेयाचा भलामोठा बोर्ड, असं एक प्रिंट तिने केलं होतं. बसस्टँडवर लोक त्याच्यापुढे थांबायचे. बस सुटली तरी थांबायचे. तिला मद्रासच्या आर्ट कॉलेजात जायचं होतं. फॉर्म तिने आणवून ठेवला होता, आणि त्यावर पालक म्हणून गोपाळरावांची सही लागणार होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपत होती. भावाला कसं सांगायचं, एवढंच ती दर रविवारी आम्हाला विचारायची.

आमच्यासमोर मॉडेल म्हणून बसायला गावात कोण तयार होणार? म्हणून आम्हीच आळीपाळीने बसायचो. उपड्या घातलेल्या पिंपावर वीस मिनिटं एकाने बसायचं, बाकीच्यांनी काढायचं. माझ्या टकलाची तर त्या ट्रंकेत सव्वाशे स्केचेस असतील. एकदा मंजुळा बसली असताना माझा हात चांगला चालला. ती बसल्याबसल्या सेल्वमच्या कागदाकडे तिरकं बघत होती, ओठ दाबून, त्याची चूक शोधत. डाव्या भुवईत लहानपणच्या पडण्याची खोक. तीही मी सोडली नव्हती.

गुरुवारी मी किल्ली घेऊन एकटाच किडंगूत गेलो आणि ते स्केच पिशवीत घालून घरी आणलं. मंजुळाचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही, कारण ती नको म्हणेल अशी मला भीती होती. दुसरं कारण नव्हतं. रात्री मी भुवईची खोकसुद्धा जशीच्या तशी उतरवली. ती काढून टाकली तर चेहरा पुन्हा लक्ष्मी होत होता.

शुक्रवारी सुंदरने चित्र हातात घेतलं आणि दारापाशी उजेडात नेलं.

"कोण आहे ही?"

"कोणी नाही. इमॅजिनेशन."

"ही शेजारच्या घरातली आहे," नटराजन म्हणाले आणि खूश झाले.

जूनच्या अखेरीला डबा बाजारात आला. किराणा दुकानांत वरच्या फळीवर एकावर एक रचलेले डबे, आणि प्रत्येकावर मंजुळा तिरकी बघत होती. त्या रविवारी ती किडंगूत आली नाही. सेल्वमने मात्र डबा आणला होता. त्याने तो पिंपावर ठेवला, ट्रंक उघडली, कागद चाळले आणि बंद केली.

"तो कागद तुमचा नव्हता, सार," तो म्हणाला. "काढला तुम्ही. पण बसली होती ती."

मी म्हणालो, की मी तिच्याशी बोलतो. कधी, ते म्हणालो नाही.

सोमवारी सुंदर आणि नटराजन माझ्या वर्कशॉपवर आले होते. डबा चालला होता. आता तोच चेहरा स्टेशनसमोरच्या होर्डिंगवर आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम वीस फुटांचं होणार होतं. तेवढ्यात दारात गोपाळराव उभे राहिले. बँकेतून मधल्या सुट्टीत आले असावेत, शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद, हातात कापडी पिशवी. पिशवीत डबा आहे ते आकारावरून कळत होतं.

माझ्यासमोर दोन परके बसलेले त्यांनी पाहिले. मग ते मुद्दाम मराठीत बोलले.

"राव, एक विचारायचं अहे. अमच्या मंजुळास तुम्ही ओळखत अहात काय?"

तंजावुरात चार माणसांत घरातलं बोलायचं असलं की आम्ही मराठी लोक आमच्या जुन्या वळणाच्या मराठीत बोलतो. शेजारच्याला कळत नाही. बँकेत, बसमध्ये, दवाखान्यात, आमची ती चालती-फिरती खोलीच आहे. गोपाळरावांनी माझ्यासाठी त्या खोलीचं दार उघडून धरलं होतं. मी हळूच मराठीत 'हो' म्हणालो असतो, तर सुंदरला आणि नटराजनना काही म्हणता काही कळलं नसतं. होर्डिंगही राहिलं असतं, कॅलेंडरही राहिलं असतं.

मी तमिळमध्ये उत्तर दिलं. मोठ्याने.

"तुमची बहीण? नाही हो, मी त्यांना ओळखत नाही."

का? मला वाटलं, मराठीत कुजबुजलो तर या दोघांना संशय येईल. इतका मी त्या होर्डिंगला चिकटलो होतो. नटराजनांनी विचारलं काय झालं. मीच सांगितलं, की या साहेबांना डब्यावरची बाई आपल्या बहिणीसारखी वाटते. नटराजन हसले, वाईट भावनेने नव्हे. "सगळ्यांनाच तसं वाटतंय, सार. माझ्या सूनबाईंना त्यांची मावशी वाटली." सुंदर म्हणाला, हेच तर हवं होतं.

गोपाळरावांचे कान लाल झाले. पण ते गेले नाहीत. मला पुन्हा एक संधी दिली, पुन्हा मराठीतच आणि आवाज आणखी खाली आणून.

"ती सर्व सांगिटली मला. पाच जणं अहेत, आळीपाळीनं बसतात, एकमेकांस काढतात. वाईट कांही नाही म्हणाली. राव अमच्यातले अहेत, ते खोटं बोलणार नाहीत, त्यांस विचारा, म्हणाली. म्हणून आलों."

म्हणजे मंजुळाने भावाला खरं सांगून टाकलं होतं, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. हे मला पूर्ण कळलं. कळल्यावरही मी तमिळमध्येच म्हणालो, "काहीतरी गैरसमज आहे. देवळात कुठे पाहिलं असेल. आम्हा चित्रकारांच्या लक्षात चेहरे राहतात."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. पिशवी नीट धरली, नटराजनना नमस्कार केला आणि गेले.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी किडंगू वाचवलं. लेक्चररांची नोकरी, सेल्वमचे बोर्ड. ते खोटं आहे. त्या क्षणी त्यांच्यापैकी कोणीही माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात वीस फूट होते.

मी नऊ दिवस मंजुळाच्या घरी गेलो नाही. रोज निघायचो, कोपऱ्यावर पान घ्यायचो, परत यायचो. दहाव्या दिवशी ट्रंकेतली तिची सगळी कामं काखेत मारून गेलो. गोपाळरावांनीच दार उघडलं. मी तिथेच, तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडे दारापुढे बसायचा ओटा असतो त्यावर, कागद पसरले आणि सगळं सांगितलं. किडंगू, पिंप, गुरुवार, होर्डिंग. ते घागरींचं प्रिंट त्यांनी ओळखलं. बसस्टँडवर तेही थांबले होते म्हणे. ते त्यांनी उचलून हातात घेतलं.

"त्या दिवशीं खोटं बोललात की आज बोलत अहात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"त्या दिवशी."

"मी कसं ठरवूं ते? अमच्या आईपुढे मी मंजुळास खोटी ठरवलों. आतां पुन्हा आईस काय सांगूं, राव आज वेगळं म्हणतात म्हणून?" कागद त्यांनी काळजीने गोळा केले, कडा जुळवल्या आणि मला परत दिले. "मुदतही गेली," ते म्हणाले आणि आत गेले.

मंजुळा उंबऱ्याशी आली. मला वाटलं चेहऱ्याबद्दल बोलेल.

"चेहऱ्याचं जाऊं दे," ती म्हणाली. "मी कॉलेजाचं विचारल्यावर अण्णा सरी म्हणाले हुते. राव हो म्हणाले तर तिथंच सही करतों, म्हणाले. फॉर्म त्यांच्या खिशांत हुता."

मला खिशातला घडीचा कागद आठवला. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली.

होर्डिंग लागलं. छान दिसत होतं, लोक सांगायचे. मी स्टेशनला जायचं झालं की मागच्या रस्त्याने जायचो. किडंगूत सेल्वमने कुलूप बदललं आणि मला नवी किल्ली दिली नाही, हे योग्यच केलं. मंजुळाचं पुढच्या वर्षी सेलमला लग्न झालं.

आठ-नऊ वर्षांनी तिरुवैयारुला आमच्या नात्यातल्या एका लग्नात ती दिसली. पंगतीत वाढत होती. माझ्या पानाशी आल्यावर मला राहवलं नाही. विचारलं, "अजून काढता का?"

"कोलम काढते," ती म्हणाली. दारापुढच्या रांगोळीला आमच्याकडे कोलम म्हणतात. मग तिने मला रस्सम वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.

आता मी एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये इलस्ट्रेशन शिकवतो. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो, की एकच रेफरन्स वापरायचा नाही, आणि ज्याचा चेहरा घ्याल त्याची लेखी परवानगी घ्या. मुलं वहीत उतरवून घेतात. ही परवानगी कशी घ्यायची याचा छापील नमुनाही मी त्यांना देतो. मी मात्र चुकलो ते चेहरा घेताना नव्हे, ते चार दिवसांत मिटलं असतं. मी चुकलो ते गोपाळरावांनी विचारल्यावर, आणि त्यासाठी कुठला नमुना लागत नाही. घरच्या भाषेत हळूच 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.